शमीमआपांची पाठ

औशाला मी शमीमआपांकडे विद्यार्थी घेऊन गेले की त्या आधी सगळ्यांना सतरंजीवर बसवायच्या आणि सांगायच्या, "आता हलायचं न्हाई." मग स्वतः सावकाश चहा प्यायच्या. मुलं गालातल्या गालात हसत ताठ बसायची. दोन-चार मिनिटांतच कुणी मांडी बदलायचं, कुणी एका अंगावर रेलायचं, कुणी ओढणी सारखी करायच्या निमित्तानं जरा उचलून बसायचं. कप खाली ठेवून आपा एकेकाला सांगायच्या, तू तीनदा हललास, तू पाचदा. मुलांना ते पटायचं नाही. तेव्हा त्या म्हणायच्या, "तुम्ही हलले ते तुम्हाला कळलं बी न्हाई. बूड दुखलं, त्यानं तुम्हाला न विचारता सरकून घेतलं. माझं बूड मला काही सांगतच न्हाई. म्हणून मला घड्याळ बघून हलावं लागतं."

एका जागी दाब राहून होणाऱ्या जखमा मी लातूरच्या फिजिओथेरपी कॉलेजात दरवर्षी शिकवते. आमच्या इंग्रजी पुस्तकात त्यावर भलंमोठं प्रकरण आहे. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. आपांचा तो एक कप चहा मात्र कुणी विसरलेलं मला माहीत नाही.

आपांचं घराणं बांगड्यांचं. लग्नसराईत आणि बाजारच्या दिवशी त्या वडिलांबरोबर आसपासच्या गावांत बांगड्या भरायला जायच्या. पंचविशीत असताना घराच्या स्लॅबवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करताना पाय चुकला. स्लॅबला कठडा नव्हता. पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. आई होती तोवर आईनं केलं, नंतर भावाच्या बायकोनं, रेहानाभाभींनी. भाऊ दिवसभर दुकानात. पुढच्या खोलीत खिडकीला लागून आपांची लोखंडी कॉट असायची, आणि गल्लीतल्या बाया तिथंच येऊन बांगड्या भरून घ्यायच्या.

बांगडी भरताना आपांचे हात बघावेत. समोरच्या बाईचा पंजा त्या हातात घ्यायच्या, तिच्या लेकीची, माहेरची चौकशी करायच्या, आणि बोलता बोलता अंगठ्याच्या बुडाचं हाड आत दाबून काचेची बांगडी मनगटावर सरकवायच्या. बाईला कळायचंही नाही. एकदा माझी एक विद्यार्थिनी एका म्हाताऱ्याचा आखडलेला हात जोर लावून उघडत होती. ते ऐकल्यावर आपांनी तिला जवळ बोलावलं आणि तिच्याच हातात दोन बांगड्या भरून दाखवल्या. "माणूस आधी बोलण्यात ढिला पडतो, मग त्याचा हात ढिला पडतो," त्या म्हणाल्या. "हाताशी भांडलं की काच फुटते, आन् रगत बी निघतं." हे वाक्य मी पुढं पुस्तकात जसंच्या तसं घातलं.

पुस्तकाचं असं झालं. आमच्याकडची निम्मी मुलं मराठी शाळेतून आलेली. भोकर, बिलोली, उदगीरकडची. इंग्रजी पुस्तकातली वाक्यं ती घडाघडा म्हणतात, पण रोग्याच्या बायकोला घरी काय करायचं ते सांगायची वेळ आली की गप्प होतात. मी स्वतः भोकरची, माझंही तेच झालं होतं. त्यामुळं प्राचार्यांनी मराठीतून एक पुस्तक करा म्हटल्यावर मी लगेच हो म्हणाले. लिहिलेलं आपांना वाचून दाखवायचं ठरवलं. दर रविवारी सकाळी मी बसनं औशाला जायची.

दुसऱ्याच रविवारी त्यांनी मला अडवलं. मी वाचत होते, "दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी. त्वचा कोरडी ठेवावी. पाठ रोज तपासावी."

"कोण?" आपा म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"बदलावी, ठेवावी, तपासावी. समदं 'वी' 'वी' लिहून राहिल्या तुम्ही. करणारं माणूस कुठं हाय त्याच्यात? माझी अम्मी उठायची, तिचं नाव बशीरा. आता रेहाना उठते. तिची कंबर गेली ते कोणत्या पानावर हाय?"

मी ते सगळं प्रकरण फाडून पुन्हा लिहिलं. करणारीनं कुठं उभं राहायचं, आपली कंबर कशी सांभाळायची, तिला बरं नसेल त्या दिवशी कुणी यायचं, हे आधी घातलं आणि रोग्याचं नंतर. आज ते पुस्तक ज्यांना आवडतं त्यांना याच कारणानं आवडतं.

वाचनाच्या वेळी आपा कॉटवर पडून राहायला तयार नसायच्या. निजलेल्या माणसाला कुणी वाचून दाखवलं की तो आजारी वाटतो, असं त्यांचं म्हणणं. कुणीतरी दिलेली चाकाची खुर्ची होती, तिची गादी बसून पार चपटी झालेली. भाभी त्यांना उचलून तीत बसवायच्या आणि आपा दोन-दोन, तीन-तीन तास बसायच्या. सुरुवातीला दर पाव तासानं घड्याळ बघून, दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायच्या. पुढं खांदा दुखायला लागला आणि ते उचलणं कमी झालं. मग बंदच झालं. मी ते पाहिलं होतं. माझा धंदाच ते पाहण्याचा. एक-दोनदा मी म्हटलंही, आपा, उचला जरा. त्या म्हणायच्या, हो, एवढं पान होऊ द्या. आणि मी पुढं वाचायची.

थंडी सुरू झाली तसा खोलीत लोबानचा वास येऊ लागला. गेलं की प्रत्येक वेळी निखाऱ्यावर लोबान घातलेला असायचा. मला ती घरची रीत वाटली.

जखमांचं प्रकरण आम्ही त्याच दिवसांत वाचलं. इंग्रजी पुस्तकात आहे तसं मी लिहिलं होतं की आधी कातडी लाल होते. आपा म्हणाल्या, "ते गोऱ्या लोकांचं झालं. आमच्या अंगावर लाल दिसत न्हाई. जांभळट दिसतं, आन् हाताला गरम लागतं. तसं लिहा." मला फार आनंद झाला. कुठल्याच पुस्तकात इतकं साधं वाचलं नव्हतं. मी तिथंच समासात लिहून घेतलं. हे तुम्हाला कधी कळलं, असं विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

होळीनंतरच्या एका रविवारी गेले तर आपा खुर्चीत नव्हत्या. कॉटवर होत्या, अंगावर दोन चादरी, तरी थरथरत होत्या. "आज किताब न्हाई आणली?" एवढंच म्हणाल्या. भाभी दाराशी उभ्या होत्या, आत येत नव्हत्या. मी आपांना कुशीवर वळवलं. माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम होती आणि तिच्या तळाशी हाड पांढरं दिसत होतं. ही जखमेची कितवी पायरी, ते मी थंडीतच स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. भाभी रडत सांगू लागल्या, मी रोज धुते, पट्टी बदलते, पण मॅडमला बोलू नको म्हणून तिनं मला शपथ घातली होती.

आम्ही त्यांना लातूरच्या एका दवाखान्यात आणलं. सडलेलं मांस दोनदा कापून काढलं. तोवर विष रक्तात गेलं होतं. मी रोज जायची. एका दुपारी त्या शुद्धीवर होत्या तेव्हा मी विचारलं की मला का नाही सांगितलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. नेहमी मुलांना समजावून सांगायच्या तसंच सांगितलं, "आपली पाठ आपल्याला दिसत न्हाई, मॅडम. पाठ ही दुसऱ्यानं बघायची चीज हाय." मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. चार दिवसांनी त्या गेल्या. औशालाच दफन झालं. बायकांत मी घरी बसून राहिले.

पुस्तक छापून आलं. पहिल्या पानावर आपांचं नाव घालायला कॉलेजात थोडी कुरकुर झाली, पण ते घातलं. आता दरवर्षी नवी मुलं येतात तेव्हा मी त्यांना आपांबद्दल सांगते. या बाईनं पुस्तकासाठी दुखणं लपवलं, काम अर्धवट राहू नये म्हणून, असं सांगत आले. मुलं गंभीर होतात. एखादीचे डोळे भरतात.

रेहानाभाभी हल्ली कमरेसाठी माझ्याकडं येतात. मणक्याची चकती सरकली आहे, डाव्या पायात कळ उतरते. गेल्या महिन्यात त्या शेक घेत पडल्या होत्या आणि मी पलीकडच्या टेबलाशी दोन विद्यार्थिनींना आपांची तीच हकिगत सांगत होते. मुली गेल्यावर भाभी म्हणाल्या, "किताबीसाठी न्हाई लपवलं तिनं."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"किताबीचं तिला इतकं काही न्हवतं. मी लई मागं लागले, मॅडमला दाखव म्हणून. तर म्हणली, दाखवलं तर त्या मला महिना-दोन महिने पालथं निजवतील. वाचन बंद होईल, येणं बंद करतील. बाया येतात त्या बांगड्यांसाठी येतात, म्हणली. या मॅडम एकट्याच माझ्यासाठी येऊन राहिल्या."

मी पुस्तकासाठी जात होते. ते भाभींना सांगणं माझ्याच्यानं झालं नाही.