न फिरलेली घुंडी

बाबा करावे गावात लग्नांचे फोटो काढायचे. ते गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा मोठ्या भावानं घर घेतलं आणि बाबांचा बंद पडलेला कॅमेरा माझ्या हातात ठेवला. त्याच्याशी बोलणं मी तिथंच संपवलं. कोपरखैरण्यात जुने फ्रिज, एसी घेऊन-विकून मी उभा राहिलो. कुणाच्या उपकारावर नाही.

पुढे आई आजारी पडली आणि तिनं एकच धोशा लावला. दोन्ही पोरांसोबत एक फोटो हवा. मी मोबाइल काढला तर म्हणाली, "त्याच्यान नको रं. तुज्या बापाच्या कॅमेऱ्यान काड. तुज्याकडंच हाय ना तो?"

खाडीच्या हवेनं शटर चिकटलं होतं, भिंगावर बुरशी चढली होती. बेलापूरच्या एका मेकॅनिकशी भरपूर घासाघीस करून तो दुरुस्त करून घेतला. शटरचा जुना 'खट्' ऐकला आणि मी दुकानाच्या दाराकडे तोंड फिरवलं. मेकॅनिक म्हणाला, "रोल भरून देऊ का साहेब?" मला वाटलं, याचे वेगळे पैसे लावेल. म्हटलं, "राहू दे. येतं मला."

रविवारी भावाच्या त्या घराची पायरी चढलो. आईनं केस विंचरून घेतले होते. कॅमेरा स्टुलावर ठेवला, टायमर लावला आणि पळत जाऊन तिच्या शेजारी बसलो. दुसऱ्या बाजूला भाऊ. लहानपणी बाबांची बॅग धरून लग्नांना तोच जायचा. पहिला फोटो झाला, मी उठून रोल पुढे सरकवायचा लिव्हर ओढला, तसा तो म्हणाला, "अरे, रोल नीट..."

"तू शिकवू नकोस. घर घेतलंस ना? गप बस आता."

"भांडू नका रं," आई म्हणाली, "फोटोत थोबाडं वाकडी येतील." आणि हसत तिनं आम्हा दोघांचे हात ओढून आपल्या मांडीवर एकमेकांत ठेवले. पुढचे सगळे फोटो तसेच काढले.

थोड्याच दिवसांत ती गेली.

रोल धुऊन आला तो या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरा. "फिल्मची पट्टी आतल्या चाकात अडकलीच नव्हती," लॅबवाला म्हणाला. "रोल सरकत असला तर लिव्हर ओढला की डावीकडची घुंडी फिरते. ती बघायची असते."

तेराव्याला भावाला कोपऱ्यात गाठलं. "घुंडी फिरत नव्हती. तुला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग पुन्हा बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू कॅमेरा उचलून निघून गेला असतास. आईनं हात धरले होते आपले."

मी तरीही त्याला वाट्टेल ते बोललो. अजून माफ केलेलं नाही.

कॅमेरा माझ्या दुकानात आहे. गिऱ्हाईक विचारतात, मी भाव सांगत नाही. आईनं आमचे हात एकमेकांत ठेवले होते, हे आता जगात दोनच माणसांना ठाऊक आहे आणि ती दोघं बोलत नाहीत.