ब्रेकबाई आणि लेकीचा डावा कान

त्या शहरात गाडी चालवणाऱ्या निम्म्या लोकांनी तिची बोलणी खाल्लेली होती. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. शिकणारा स्टिअरिंगवर, ही डाव्या सीटवर आणि पायाखाली तिचा स्वतःचा जादा ब्रेक. तो दाबायची वेळ मात्र क्वचितच यायची. तिने "ब्रेक" म्हटलं की शिकणारा तर थांबायचाच, शेजारून निघालेला सायकलवालाही पाय टेकायचा. सगळे तिला ब्रेकबाई म्हणत. तोंडावर म्हणत नसत, एवढंच.

घरातही तोच आवाज, आणि त्याला कारण होतं. सासरे जन्मभर छापखान्यात यंत्राशेजारी उभे राहिलेले, त्यामुळे त्यांचे दोन्ही कान कामातून गेलेले. कानात घालायचं मशीन होतं, पण ते कायम कपाटात. "ते घातलं की सगळं ऐकू येतं," अशी त्यांची तक्रार होती. नवरा मिक्सर आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याच्या डोक्यात दिवसभराची घरघर संध्याकाळीही चालू असायची. राहता राहिली ठमी, चौथीतली लेक. तिचे कान इतके तिखट की आतल्या खोलीत कुणी बिस्किटाचा पुडा फोडला तर ही जिन्यावरून हजर व्हायची.

एका सकाळी आत्याचा फोन आला. ठमीने तो कानाला लावला, दोनदा "हॅलो" म्हटलं आणि बाबांच्या हातात ठेवला.

"बिघडलाय."

हा शब्द कानावर पडायचा अवकाश, बाबांचा हात स्क्रूड्रायव्हरकडे गेलाच. त्याने फोन उघडला, फुंकर मारली, बंद केला, स्वतःच्या कानाला लावून पाहिला. ठणठणीत. ठमीने पुन्हा कानाला लावला.

"बिघडलाय."

त्याने पुन्हा उघडला. या वेळी बंद करताना एक स्क्रू शिल्लक राहिला, आणि फोन खरोखरच बिघडला.

पुढचे दोन-तीन दिवस ठमीचं तंत्रच बिघडल्यासारखं झालं. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ही बाल्कनीत जाऊन शोधायची. शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं की शुद्धलेखनात 'पाणी'ची 'राणी' आणि 'वाट'चं 'ताट' होतंय, घरी लक्ष द्यावं. ब्रेकबाईने लक्ष दिलं, म्हणजे आवाज वाढवला. आजोबा मात्र खुशीत होते. "माझ्यावर गेलीय पोर," ते कौतुकाने म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ब्रेकबाई शाळेतून ठमीला घेऊन आली. पुढचा शिकाऊ यायला वेळ होता, म्हणून गाडी झाडाखाली उभी केली आणि किल्ली काढून पर्समध्ये घातली. ठमी लगेच ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन स्टिअरिंग फिरवायला लागली. ब्रेकबाई सवयीने डावीकडे बसली. आज तिचा घसा बसला होता, म्हणून ती हळूच म्हणाली, "ठमे, उद्या शाळेला दांडी मारायची का?"

ठमी समोर बघत स्टिअरिंग फिरवत राहिली.

हे काही साधं वाक्य नव्हतं. हे ऐकून न ऐकल्यासारखं करणारं मूल अजून जन्माला यायचं होतं. ब्रेकबाईने तेच पुन्हा, आणखी हळू विचारलं. मग तिने लेकीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"तुला या कानाने ऐकू येत नाही?"

ठमीचे डोळे भरून आले. "आई, फोन बिघडला नव्हता. कान बिघडलाय. आत फ्रिजसारखा आवाज येतो नुसता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बाबा उघडून बघतील म्हणून."

ब्रेकबाईला हसू फुटलं आणि लगेच विरलं. ती ठमीला जवळ घेऊन बसली, तेवढ्यात शिंपीमामा आले. ते तिचे सगळ्यात जुने विद्यार्थी. लायसन्सच्या परीक्षेत इतक्यांदा नापास झालेले की तिथला साहेब त्यांच्या घरच्यांची ख्यालीखुशाली विचारायचा. ब्रेकबाईने किल्ली काढली, पण बिलगलेली ठमी तिला सोडेना. तिने किल्ली शिंपीमामांच्या हातात दिली.

"मामा, मोठ्या दवाखान्यात घ्या. कानाच्या डॉक्टरांकडे."

"मी? एवढ्या रहदारीतून?"

"मी बाजूला आहे."

शिंपीमामांनी सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये काढला. मागच्या गाड्या भोंगे वाजवून दमल्या. ब्रेकबाई एक शब्द बोलली नाही, आणि त्यानेच मामा जास्त घाबरले. रोजच्या ओरडण्याशिवाय त्यांना आपण कुठे चुकतोय तेच कळेना. शांतता असह्य होऊन ते म्हणाले, "थोडं कोमट तेल सोडलं कानात तर? आपोआप मोकळा होईल. चार दिवस वाट बघावी."

"मामा, रस्त्याकडे बघा."

कानाच्या डॉक्टर बारीक आवाजाच्या होत्या, त्यामुळे त्यांच्यासमोर सगळेच हळू बोलत. त्यांनी दुर्बिणीतून कानात पाहिलं. मळ नाही, पाणी नाही, पडदा छान. आयुष्यात पहिल्यांदाच ब्रेकबाईला लेकीच्या कानात मळ नसल्याचं वाईट वाटलं. मग काचेच्या छोट्या खोलीत ठमीला हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला ती पटापट दाबत गेली. डाव्याला नुसती बसून राहिली.

तोवर निरोप मिळून नवरा धापा टाकत पोचला, हातात हत्यारांची पिशवी. ठमीने ती पाहिली आणि काचेच्या खोलीतून बाहेर यायलाच नकार दिला. पिशवी दाराबाहेर शिंपीमामांच्या मांडीवर गेली तेव्हा ती आली.

"नेमका कुठला पार्ट गेलाय?" नवऱ्याने विचारलं.

"आतला. ऐकण्याची नस आणि तिच्या टोकाचा नाजूक भाग," डॉक्टर म्हणाल्या. "तो उघडता येत नाही. कधी विषाणूमुळे होतं, कधी कारण सापडतच नाही. मुलांमध्ये हे कमी दिसतं आणि उशिरा लक्षात येतं, कारण मुलं सांगत नाहीत आणि दुसरा कान काम चालवून नेतो. तुम्ही लवकर आलात. गोळ्या आजच सुरू करू, एक स्कॅनही करून घेऊ."

"म्हणजे येईल ना परत?"

"काही मुलांचं पूर्ण येतं, काहींचं अर्धंमुर्धं, काहींचं नाही येत. हिला चक्कर नाही, वयही लहान, दिवसही फार गेले नाहीत. या तिन्ही गोष्टी चांगल्या. पण गॅरंटी मी देणार नाही."

नवरा स्वतः गिऱ्हाइकांना हेच सांगायचा. आज त्याला ते मुळीच आवडलं नाही.

डॉक्टर ब्रेकबाईकडे वळल्या. "आणि तुम्ही ओरडू नका. उपयोग नाही. तिच्या उजव्या बाजूला या, तोंडासमोर या, मग बोला."

हे पथ्य ठमीपेक्षा ब्रेकबाईलाच जड गेलं. गोळ्यांनी ठमीला भूक मात्र अशी लागायला लागली की घरातला एकही डबा सुरक्षित राहिला नाही. ती चिडायची, रडायची आणि रडता रडता आणखी एक पोळी मागायची. आजोबांनी तिला आपल्या विद्येत घेतलं: ओठांवर नजर ठेवायची, आणि नको असलेलं माणूस खराब कानाच्या बाजूला बसवायचं. ठमी तासाभरात तरबेज झाली. आई अभ्यासाचं बोलायला आली की ती चांगला कान उशीत खुपसून आडवी व्हायची.

स्कॅनमध्ये काही निघालं नाही. गोळ्यांचा कोर्स संपत आला तेव्हा पुन्हा तपासणी झाली. या वेळी ब्रेकबाई हट्टाने तपासणाऱ्या ताईंच्या शेजारी बसली. काचेपलीकडे ठमी, कानाला हेडफोन, हातात बटण. डाव्या कानाची पाळी आली. ठमीने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. ताईंनी आवाज लहान केला, तरी दाबलं. आणखी लहान केला, तरीही. ब्रेकबाईला आकाश ठेंगणं झालं.

ताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी हेडफोनची वायरच काढून टाकली आणि यंत्राचं बटण दाबलं. आवाज सोडल्याचा दिवा लागला. ठमीने तत्परतेने बटण दाबलं.

ताई सावकाश ब्रेकबाईकडे वळल्या. "बाई, दिवा लागला की तुम्ही मान हलवताय."

"मी? छे."

"प्रत्येक वेळी. ती तुमच्याकडे बघून दाबतेय."

ब्रेकबाईने काचेतून लेकीकडे पाहिलं. ठमीने खांदे उडवले. "तू खूश होत होतीस," ती म्हणाली. काचेमुळे ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. एवढी विद्या आता आईलाही आली होती.

तिला बाहेरच्या बाकावर बसवण्यात आलं. तिथे नवरा होता. "काय झालं?" त्याने विचारलं. "नापास केलं मला," ती म्हणाली, आणि तिने तोंडावर पदर धरला. हसतेय की रडतेय हे त्याला कळलं नाही. तो सरकून जवळ बसला.

खरी तपासणी नंतर झाली. जाड, खालचे आवाज बऱ्यापैकी परत आले होते. बारीक, वरचे आवाज नव्हते आले. डॉक्टर म्हणाल्या की अजून काही महिने थोडीफार भर पडू शकते, त्यानंतर जे असेल तेच धरून चालायचं. गरज वाटली तर मशीन आहे. शाळेत मात्र पुढच्या बाकावर, उजवा कान बाईंकडे करून बसवा.

पुढे भर पडली, पण थोडीच. ठमीला आता डाव्या कानाने बाबांचं बोलणं ऐकू येतं, दुकानातल्या मिक्सरची घरघर ऐकू येते, चिमण्या येत नाहीत. हाक कुठून आली हे अजून पटकन कळत नाही, म्हणून घरात प्रत्येक जण हाकेबरोबर पत्ता सांगतो: "ठमे, मी बाथरूमजवळ." छोटं मशीन तिने वापरून पाहिलं आणि शाळेपुरतं ठेवलं. वर्गात काही दिवस ते पाहायला रांग लागली, मग सगळे विसरले.

रस्त्याने जाताना ती आईला कोपराने ढकलत आपल्या उजव्या बाजूला आणते आणि म्हणते, "हां, आता बोल." ब्रेकबाई तिच्याकडे तोंड करते आणि बेताच्या आवाजात दिवसभरात कुणी गाडी कुठे चढवली ते सांगायला लागते. ठमी ऐकते, रहदारीत एखादा शब्द निसटला की थांबवून विचारते, "भिंतीवर की खिंडीवर?", आणि आई न चिडता पुन्हा सांगते, "भिंतीवर."