गादी कोणी भरली

थोरलीला बग्ग्यांच्या गाद्या भरता भरता बावीस वर्षं झाली होती. सासऱ्यांचा घोडागाड्यांचा कारखाना होता. पुढच्या दालनात जुन्या गाड्यांचं संग्रहालय, मागच्या शेडमध्ये दुरुस्ती. सासरे चाकं करत, नवरा त्यांवर लोखंडी धाव चढवी, दीर रंग देई आणि थोरली दाभणाने कातडं शिवी. बोटांना घट्टे पडले होते, पण तिने भरलेली गादी दहा-दहा वर्षं दबत नसे.

चार वर्षांपूर्वी धाकटी जाऊ घरात आली. तिला दाभण धड धरता येईना, पण बोलणं असं लाघवी की ऐकणारा जागचा हलू नये. सासऱ्यांनी तिला पाहुण्यांना संग्रहालय दाखवायचं काम दिलं आणि बघता बघता लोक तिलाच मालकीण समजू लागले. जाताना तिच्यासोबत फोटो काढत. थोरलीच्या पोटात दुखे. धाकटीने केलेल्या चहात साखर कमी आहे, असं तिला रोज वाटे.

एकदा निवृत्त बसचालकांचा चाळीस जणांचा गट आला. एका आडव्या अंगाच्या चालकाने लग्नाच्या बग्गीची गादी तळव्याने दाबून पाहिली.

"ही कोणी भरली हो? आमच्या सीटांनी कंबरडी मोडली आमची."

"आम्हीच भरली," धाकटी म्हणाली. "घोड्याच्या केसांचे सहा थर आहेत."

फळ्यांच्या आडोशामागे थोरलीने ते 'आम्ही' ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाभणासकट ती बाहेर आली.

"आम्ही नाही, मी भरली. आणि थर सहा नाहीत, चार."

धाकटीचा चेहरा उतरला. तरी ती बाजूला सरली. "ताई, मग तुम्हीच सांगा ना."

चाळीस तोंडं थोरलीकडे वळली. "केस भरायचे... दाबायचे... मग शिवायचं," एवढंच तिला सुचलं. मागे कोणीतरी हसलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत जाऊन तिने टांग्याची अर्धी भरलेली गादी आणली, बग्गीच्या पायरीवर ठेवली आणि टाके घालायला लागली.

चालक भोवती गोळा झाले. त्या आडव्या गड्याने दोरा ओढून पाहिला. तसूभर सरकला नाही.

"बाई, बोटं आहेत की पक्कड?"

अर्धा तास कोणी हललं नाही. दोऱ्याचं टोक धरून धाकटीने हळूच विचारलं, "चारच थर का, ताई?"

"पाचवा घातला की माणूस घसरतो," थोरली वर न बघता म्हणाली.

पुढच्या गटाला धाकटीने सांगितलं, "ही गादी आमच्या ताईंनी भरली." मग चार थरांची, बावीस वर्षांची, पक्कडीसारख्या बोटांची हकिगत तिने अशी रंगवली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. आडोशामागे थोरलीचा दोरा गुंतला. काम आपलं, नि टाळ्या हिला.

"आता काय झालं? नाव घेतलं ना तुझं?" सासऱ्यांनी विचारलं.

"घेतलं. जरा जास्तच छान घेतलं."

"ताई, जरा बाहेर येता का? सगळे तुम्हाला बघायचं म्हणतायत," धाकटीने हाक मारली.

"येते," थोरली म्हणाली आणि हातातले तीन टाके पुरे होईपर्यंत तिने सगळ्यांना ताटकळत ठेवलं.