साडूंनी बदललेली माणसं

राहाता तालुक्यात कुणाच्या रानात किती ऊस उभा आहे हे तलाठ्याला ठाऊक असतं. पण कोणता प्राध्यापक मनातून कोणत्या पक्षाचा आहे हे अख्ख्या नगर जिल्ह्यात फक्त आमच्या साडूंना ठाऊक आहे, आणि या ओझ्याखाली हा माणूस अठरा वर्षं सुखाने जेवला नाही. साडू समाजशास्त्राचे प्राध्यापक. अभ्यासाला लोक धरणग्रस्त घेतात, ऊसतोड कामगार घेतात. यांनी प्राध्यापकच घेतले. शिकलेल्या माणसाची राजकीय मतं काय असतात आणि तो ती कुठे लपवून ठेवतो, हा यांचा विषय. कॉलेजाकॉलेजांतून हिंडायचं, स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसायचं आणि ‘तुमचं नाव कुठेही येणार नाही’ अशी शपथ घेऊन एकेकाला बोलतं करायचं. ही शपथ ते इतक्या घाबऱ्या आवाजात घेत की समोरच्यालाच त्यांची दया येई आणि तो भडाभडा बोलू लागे.

स्वतःचं मत मात्र त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही. विचारणाऱ्याच्या मताचा नुसता वास लागला तरी उत्तर नासतं, असा त्यांचा सिद्धांत. हल्ली प्रत्येक रंगाला पक्ष असतो म्हणून ते शर्ट मातकट रंगाचे शिवत. चिखल अजून कुणी चिन्ह म्हणून घेतलेला नाही, एवढंच त्यांना समाधान. सभेत कुणीही बोलो, भाषण संपलं की मोजून सात टाळ्या. नगरला आमच्याकडे आले की मी मुद्दाम त्यांना मिसळीच्या दुकानात नेई आणि तिखट की मध्यम असं विचारून गंमत बघत बसे. बराच वेळ रश्श्याकडे पाहून ते म्हणत, ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे.’ एकदा मतदान करून परतताना माझ्या मेव्हणीने, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बायकोने, सहज विचारलं की शिक्का कुणावर मारला. तसा शिक्का मारण्याचा जमाना जाऊनही वर्षं झाली होती. तर हे रस्त्यात थांबले आणि म्हणाले, ‘हा प्रश्न मी विचारतो. मला विचारत नाहीत.’

पण खरी कलाकारी होती ती माणसं लपवण्यात. लिहिताना साडू नुसतं नाव बदलत नसत, माणूसच बदलत. गणिताची बाई असेल तर तिचा इतिहासाचा बुवा करत, अकोले तालुक्यातली माणसं श्रीगोंद्याला नेत, चष्मे काढत, मिश्या लावत. एवढं करूनही समाधान नसे. सकाळी सहाला फोन करून मला विचारत, ‘साडूभाऊ, संगमनेरकडचा, वनस्पतिशास्त्राचा, डावखुरा, असं म्हटलं तर कुणी डोळ्यांसमोर येतं का?’ मी झोपेत कुणीही नाही म्हणायचो. दुपारी पुन्हा फोन. ‘डावखुरा काढून टाकलं.’

आणि याच कलेने त्यांचा घात केला. त्यांच्याच संस्थेच्या संशोधन अंकात त्यांचा एक लेख आला. त्यात एका मुलाखतीतली वाक्यं होती. मुळात ती अशी: ‘निवडणूक आली की आम्ही सगळे संस्थेच्या सांगण्यावरून प्रचाराला जातो आणि परत येऊन वर्गात लोकशाही शिकवतो. त्या दिवशी मला मुलांकडे बघवत नाही. मी फळ्याकडे तोंड करून शिकवते.’ साडूंनी ‘शिकवते’चं ‘शिकवतो’ केलं. बोलणाऱ्याला अठ्ठावन्न वर्षांचा हिंदीचा प्राध्यापक केलं, सायकल दिली आणि जरा करुण रस हवा म्हणून घरात अंथरुणाला खिळलेली आई ठेवली. एरवी असले अंक गठ्ठ्यात राहतात, पण या अंकाच्या पहिल्याच पानावर अध्यक्षांचा फोटो होता, आणि स्वतःचा फोटो असलेला अंक माणूस उघडतोच.

तिसऱ्या दिवशी साडूंचा फोन आला. आवाज विहिरीतून आल्यासारखा. संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात मागच्याच वर्षी शेवगावहून एक गृहस्थ बदलून आले होते. हिंदीचे. अठ्ठावन्न वर्षांचे. सायकलवर येणारे. आईला स्वतःच्या हाताने अंघोळ घालून मग कामावर निघणारे. साडूंनी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्यांची बदली आता जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जामखेडला ठरत होती.

मी म्हटलं, खरं नाव सांगून मोकळे व्हा. ते म्हणाले, ‘कसं सांगू? ती बाई तासिकेवर आहे. दर जूनला नव्याने नेमणूक लागते.’ मग एकदम दचकून, ‘मी बाई म्हणालो का? विसरा. तासिकेवरही विसरा.’

अध्यक्षांकडे एकटं जायची त्यांची छाती नव्हती, म्हणून मी नगरहून गेलो. एरवी असल्या प्रसंगाला मी तिकीट काढून बसेन. पण त्या दिवशी साडू चहाची बशी नुसतीच हातात धरून बसलेले बघून मीही माझा कप तसाच ठेवून दिला. हिंदीचे सर भिंतीशी उभे होते. अध्यक्ष गोड माणूस, आवाज चढवत नाहीत.

‘हे सर लई साधे वाटायचे मला,’ ते म्हणाले. ‘जामखेडला धाडतो. तिकडं फळ्याला तोंड करून उभं ऱ्हायला जागा मोप हाय.’

‘साहेब, मी यांना आज पहिल्यांदा बघतोय,’ हिंदीचे सर म्हणाले.

‘मंग कोन बोललं? सर, तेवढं नाव सांगा अन् च्या घ्या.’

साडूंनी बशी खाली ठेवली. ‘कुणीच नाही. ही मुलाखत झालेलीच नाही. मत माझं आहे.’

अध्यक्षांनी खुर्ची पुढे ओढली. ‘तुमाला मत हाय व्हय?’

‘आहे.’

‘मंग तसं लिवून द्या.’

आणि साडूंनी लिहून दिलं. एका शब्दाला दहा वेळा खोडणाऱ्या माणसाने ते पान एका दमात लिहिलं: मुलाखत काल्पनिक, विचार माझे. अध्यक्षांचं काम झालं. साडू दोन वर्षांनी निवृत्त होणार, अशा माणसाला काय करायचं, म्हणून त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला आणि जामखेडची बदली रद्द केली. पण संशोधकाने आपली मुलाखत बनावट आहे असं सहीनिशी सांगणं म्हणजे काय, हे तिथे एकट्या साडूंना कळत होतं. अठरा वर्षांच्या कामाचं पुस्तक छपाईला जायचं होतं. कागद खिशात राहिला, पण बातमी राहिली नाही, आणि पुस्तक गेलं नाही. एक मुलाखत खोटी तर बाकीच्या कशावरून खऱ्या, असं लोक म्हणाले, आणि त्यावर यांच्याकडे उत्तर नव्हतं, कारण उत्तराला नाव होतं.

बाहेर हिंदीच्या सरांनी सायकलचं कुलूप काढलं. जाता जाता थांबून म्हणाले, ‘ते माझं मत नव्हतं, सर. पण वाचल्यापासून वाटतंय, असायला हवं होतं.’ साडूंचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला आणि तसाच खाली आला.

जूनमध्ये नेमणुकांच्या याद्या लागल्या तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. माझ्या मोटरसायकलवर आम्ही संस्थेच्या तीनही कॉलेजांत गेलो. प्रत्येक फळ्यासमोर ते सारखाच वेळ उभे राहिले, चेहरा सारखाच कोरा. मी डोळे फाडून बघत होतो, पण एकाही नावाशी त्यांची नजर अडखळली नाही. तिसऱ्या फाटकातून बाहेर पडल्यावर मागून खांद्यावर हात पडला. ‘साडूभाऊ, कुठेतरी जेवू या. मला फार भूक लागलीय.’

त्या दिवशी ते तीन भाकरी जेवले. यादीत ती होती, एवढं मला त्यावरून कळलं. कोण, ते अजून ठाऊक नाही.