फेअर कॉपी माझ्या अक्षरात होती

सुनंदा कोणाची मदतनीस नव्हती.

काल ती गेली. बॅचच्या ग्रुपवर सकाळपासून तेच चाललंय. "मनमिळाऊ होती." "सगळ्यांना मदत करायची." आणि हात जोडलेले इमोजी.

बंद करा यार. डोकं फिरतंय माझं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, बॉटनी. सरांनी सुनंदाला आणि मला मिळून एक प्रोजेक्ट दिलं होतं, विक्रोळीच्या खाडीतल्या तिवरांवर. दर महिन्याला दोरीने चौकोन आखायचा आणि आतली झाडं मोजायची.

मी मुलुंडचा, बाबा बँकेत. पहिल्याच दिवशी चिखलाने माझी एक चप्पल गिळली. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या जोडातली. तिसरी खेप झालीच नाही.

सुनंदा विक्रोळीच्या चाळीतली. वडिलांची गिरणी बंद पडलेली. ओहोटीची वेळ बघून, भावाची हाफ पँट घालून ती एकटी खाडीत उतरायची.

आई दारातून ओरडायची, "त्या चिखलात काय सोना गावता गो तुका?"

"मार्क गावतत," ही म्हणायची आणि चालू पडायची.

वर्षभराचे आकडे तिच्या रफ वहीत. पानापानावर चिखलाचे डाग. निष्कर्षही तिनेच काढले. माझं अक्षर चांगलं, म्हणून फेअर कॉपी मी लिहायची असं ठरलं. माझं काम एवढंच.

व्हायव्हाला एक्स्टर्नलनी फेअर कॉपी चाळली. "सुंदर! कोणाचं काम?"

सर म्हणाले, "ह्याचं. हिने मदत केली."

सुनंदाने पिशवीतून रफ वही काढली.

"रफ नको, राहू दे," एक्स्टर्नल म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं.

मी टेबलाकडे पाहिलं.

एक वाक्य बोलायचं होतं फक्त. नाही बोललो.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अक्षर झकास आहे हां तुझं."

मला फर्स्ट क्लास मिळाला. तिचा थोडक्यात हुकला आणि एम.एस्सी.ची सीट गेली. ती एका कारखान्यात पॅकिंगला लागली, तिथूनच रिटायर झाली.

मी प्राध्यापक झालो. खारफुटीवर भाषणं ठोकली. "आम्ही चिखलात उतरून मोजणी केली," असं बिनदिक्कत सांगायचो. लाज नाही वाटली.

सरांचा राग येतो. लॅबच्या नळावर ती चिखलाचे पाय धुवायची, ते त्यांनी वर्षभर बघितलं होतं. बघूनही तसं बोलले. पण सगळ्यात जास्त राग माझाच येतो. सरांना खोटं पाडायला तिथे मी होतो ना!

काही वर्षांपूर्वी गेट-टुगेदरला तिला कोपऱ्यात गाठून सॉरी म्हटलं.

"मला काय सांगतोस रे? मला माहितेय कोणी केलं ते," ती म्हणाली. मग प्लेटा घेऊन उभ्या असलेल्या आपल्या सगळ्या बॅचकडे हात केला. "ह्यांना सांग ना."

मी बटाटेवडा खाल्ला आणि घरी आलो.

तर आता ऐका सगळ्यांनी.

प्रोजेक्ट सुनंदाचं होतं. मोजणी तिची, निष्कर्ष तिचे, तो फर्स्ट क्लाससुद्धा तिचाच.

मदत मी केली. अक्षर चांगलं होतं, म्हणून.

सांगितलं गं ह्यांना, सुनंदा. तू असताना सांगायचं होतं.

येतो.