धनकुंवरबाईंनी मशीन निवडलं

धनकुंवरबाईंच्या घरचा केरसुद्धा सावलीत बसतो, असं जळगावच्या दाणाबाजारात लोक हसून म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाई घर झाडायच्या ते लोकरीच्या मऊ धाग्यांच्या पूंजणीनं. मोळाच्या झाडूनं मुंगीचे पाय मोडतात, ही त्यांची पक्की समजूत. पुंजून पुंजून केर गोळा झाला की तो सुपलीत भरायचा, डोळ्यांवर चष्मा चढवून निरखायचा आणि मागच्या भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवायचा. आतल्या जिवांना निघून जायला सवड मिळायला हवी ना! सवड मिळाली, अशी खात्री पटली की मगच केर उकिरड्यावर. लहानपणी मारवाडात असताना एका साध्वीजींकडून घेतलेला हा नियम त्यांनी लग्न होऊन खानदेशात आल्यावरही सोडला नव्हता. लालचंदशेठ, म्हणजे त्यांचे यजमान, हयात होते तेव्हा म्हणायचे, "हिच्या घरात माणसापेक्षा मुंगीचा मान जास्त."

बाई दिसायला काटकुळ्या, पण आवाज खणखणीत. डाळमिलच्या घरघराटातही वरून मारलेली हाक खाली हमालांना बरोबर ऐकू यायची. खाली मिल आणि वर घर, अशी ती जागा होती. लालचंदशेठ गेल्यावर मुलगा प्रेमचंद मिल बघू लागला, आणि घर बघायला बाईंच्या जोडीला सून आली, कुसुमलता, धुळ्याची.

सासू-सुनेचं पटत नाही, हा जगाचा नियम या घरानं मोडला होता. पापड लाटायला दोघी बसल्या की त्यांच्या हसण्यानं खालचे हमाल वर बघायचे. कुसुमलता गोष्टीवेल्हाळ, आणि धनकुंवरबाई नावाला रागीट. "बींदणी, तोंड कमी चालव, लाटणं जास्त," असं म्हणायच्या आणि लगेच स्वतःच विचारायच्या, "बरं, मग पुढे काय झालं?"

पण डाळमिलच्या घरात एक पाहुणी कायमची मुक्कामाला असते, ती म्हणजे धूळ. तुरीचा हंगाम सुरू झाला की सालपटांचा बारीक भुसा जिन्यानं वर चढतो आणि गाद्यांवर, तक्क्यांवर, सतरंज्यांवर, देवाच्या फोटोवर बसतो. सकाळी झाडावं, दुपारी पुन्हा आहेच. ओल्या फडक्यानं फरशी पुसता येते, गादी कशी पुसणार? दोन हंगाम कुसुमलतानं काढले. तिसऱ्या हंगामात तिच्या छातीत शिट्टी वाजू लागली. पायरी चढली तरी वाजायची, हसली तरी वाजायची. मग तिनं हसणंच कमी केलं, आणि बाईंच्या काळजात चर्र झालं.

डॉक्टर म्हणाले, दमा आहे, हिला धुळीपासून लांब ठेवा. संक्रांत झाल्यावर प्रेमचंद तिला धुळ्याला माहेरी पोचवून आला.

तिथे तिला बरं वाटू लागलं. इथे बाजारात मात्र कुजबुज सुरू झाली, की सासूनं सून घालवली. धनकुंवरबाईंना ते ऐकून राग आला, पण रागापेक्षा भीती मोठी होती. प्रेमचंद दर आठवड्याला धुळ्याला जायचा आणि परत आला की मुकाट जेवायचा. धुळ्याच्या सासऱ्यांनी त्याला दुकानात भागीदारीचं विचारलं होतं. तो घरी बोलला नव्हता, पण अशा गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. मिल भाड्यानं द्यायची, जोडप्यानं धुळ्याला राहायचं, आणि आईनं जळगावात सावलीतल्या केराची राखण करत बसायचं. बाईंना ते लख्ख दिसत होतं.

एक दिवस प्रेमचंद मुंबईहून नवीन बातमी घेऊन आला. तिकडे एका व्यापाऱ्याच्या घरी त्यानं विजेवर चालणारा झाडू पाहिला होता. आईला तो बाईच म्हणायचा. "बाई, धूळ उडतच नाही. नळी फिरवायची, सगळी धूळ पोटात. गादीतली, सतरंजीतली, सगळी. ते मशीन आणलं तर डॉक्टर कुसुमला परत यायला हो म्हणतील, मी विचारून आलोय."

"मग आण ना," बाई म्हणाल्या. "अखाजीच्या आत आण."

अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. त्या सणाला खानदेशातल्या घराघरातून सुना माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. बाईंनी मनाशी ठरवलं, गावाच्या सुना माहेरी जातील तेव्हा माझी सून सासरी येईल.

नवी पेठेत झुलाल पाटलाचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. झुलाल मूळचा कापूस पिकवणाऱ्या घरचा, बोलायला तरबेज. त्यानं मुंबईहून दोन मशीनं मागवली आणि प्रेमचंदला सांगितलं, "घरी आणून दाखवतो. पसंत पडेल ते ठेवा." मुलगी दाखवायला आणावी तसा तो एका सकाळी हातगाडीवरून पहिलं मशीन घेऊन आला. बाईंनी त्याला चहा दिला, पाट दिला आणि समोर बसल्या. भांडी घासायला येणारी सुंदरबाईसुद्धा हात पुसत दारात उभी राहिली. ती पारोळ्याकडची, तिची जीभ तिच्याआधी घरात शिरायची.

मशीन पिंपाएवढं जाडजूड होतं. झुलालनं बटण दाबलं आणि असा आवाज झाला की खिडकीतली कबुतरं उडाली. त्यानं नळी गादीवर फिरवली, तक्क्यावर फिरवली, कोपऱ्यात घातली. जिथे नळी गेली तिथला रंग बदलला. सतरंजीवर निळा पट्टा आहे, हे घरात बऱ्याच दिवसांनी सगळ्यांना दिसलं.

"माय व," सुंदरबाई म्हणाली, "हाऊ हत्ती बठ्ठी धूळ खाई गया. मना काम बी खाई जाई का?"

बाईंचा चेहरा फुलला. झुलालनं तो बघितला, आणि माणूस जिंकायला लागला की जास्त बोलतो तसं झालं. छाती पुढे काढून तो म्हणाला, "धुळीचं सोडा बाई. मुंगी, ढेकूण, झुरळ, कसर, एकदा नळीत गेलं की जित्तं बाहेर येत नाही. असं मशीन आमच्या कपाशीवर फिरवता आलं असतं तर बोंडअळीचा वंश बुडाला असता."

प्रेमचंदनं कपाळाला हात लावला. शेतकऱ्याच्या घरात जे ऐकून माणसं टाळ्या देतील, ते झुलालनं ओसवाल जैनांच्या बैठकीत बसून सांगितलं होतं.

"पिशवी उघड," बाई म्हणाल्या.

वर्तमानपत्र पसरून पिशवी रिकामी केली. बाईंनी चष्मा चढवला आणि राखाडी ढिगाऱ्यात काडीनं हळूहळू शोधू लागल्या. कोपऱ्यातल्या मुंग्यांची रांग आत गेली होती. काही मुंग्या धडपडत बाहेर आल्या, बऱ्याच आल्या नाहीत. बाईंनी ढीग सुपलीत घेतला, स्वतः सावलीत नेऊन ठेवला आणि परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"घेऊन जा भाऊ. सुनेचा श्वास मला पाहिजे, पण दुसऱ्याचा घेऊन नको."

गाडीवर मशीन चढवताना झुलालनं प्रेमचंदला हळूच सांगितलं, "दुसरं आणतो. गरीब आहे ते, कोणाला त्रास देत नाही."

दुसरं मशीन खरंच गरीब निघालं. मांजरासारखं गुरगुरलं, नळी सतरंजीवरून गेली, आणि धूळ होती तिथेच राहिली. झुलालनं नळी मुंग्यांच्या रांगेजवळ नेली. मुंग्यांनी वाटही बदलली नाही. तो अभिमानानं म्हणाला, "बघा बाई, पूर्ण अहिंसक."

सुंदरबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "हाई मशीनना आज उपास शे वाटस."

बाईंनाही हसू आवरलं नाही, पण ते लगेच मावळलं. एक मशीन सगळ्यांनाच ओढतं, दुसरं कोणालाच ओढत नाही, आणि अखाजी आठवड्यावर आलेली. त्या संध्याकाळी प्रेमचंद जेवताना पहिल्यांदा मोकळं बोलला. "बाई, कुसुमला इथे आणायचं नसेल तर मला काहीतरी ठरवावं लागेल. तुम्हीपण चला धुळ्याला."

"माझी मिल इथे, माझं धर्मस्थानक इथे. मी कुठे येऊ?" बाई म्हणाल्या. आवाज खणखणीत काढायचा होता, तो निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाणी गाळायला बसल्या. जैनांच्या घरी पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधायचं, वरून पाणी ओतायचं, आणि फडक्यावर जे जीव अडकले असतील ते थोड्या पाण्यानं अलगद धुऊन परत विहिरीत सोडायचे. हे काम बाईंचे हात आपोआप करत. त्या दिवशी ओतता ओतता हात थांबले. पाणी खाली जात होतं आणि जीव वर राहत होते. बाई त्या गळण्याकडे कितीतरी वेळ बघत बसल्या, आणि मग त्यांनी खिडकीतून अशी हाक मारली की खाली मिलमध्ये सगळ्यांनी हातातली कामं थांबवली.

"प्रेमचंद! त्या झुलालला बोलाव. पहिलं मशीन आणायला सांग. तेच, राक्षस!"

झुलाल घाबरतच आला. बाईंनी नळीच्या तोंडावर पाण्याचं दुहेरी गळणं ताणून बसवलं आणि सुतळीनं करकचून बांधलं. बटण दाबलं. मशीननं किंकाळी फोडली, नळी गादीला चिकटून बसली आणि घरातला फ्यूज उडाला. प्रेमचंद स्टुलावर चढून तार बसवत असताना झुलाल म्हणाला, "बाई, कापडातून वारा जायला नको का? मशीनचा जीव जातोय."

"त्यालाही जीव आहे म्हणतोस?" बाई म्हणाल्या, पण गळणं त्यांनी सोडलं. मग एकेरी करून पाहिलं. मग जुनं, धुऊन धुऊन विरलेलं मलमल आणलं, लालचंदशेठांच्या पागोट्यातलं. ते बसलं. भुशाची बारीक पूड, जी कुसुमलताच्या छातीत जाऊन बसायची, ती मलमलीतून आत गेली. सालपटं, काड्या आणि एक भांबावलेली मुंगी कापडावर राहिली. बाईंनी बटण बंद केलं, नळी सुपलीवर धरून हलकेच थोपटली. मुंगी सुपलीत पडली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि चालू लागली.

"शेठाणी," सुंदरबाई म्हणाली, "देवनी शप्पथ, इले कायबी व्हयनं नही."

गरीब मशीनच्या अंगात कापडातून ओढण्याइतकं बळ नव्हतं, तेही करून पाहिलं. म्हणजे ज्याला हाकललं होतं तोच राक्षस घरात राहिला. बाईंनी त्याला कुंकू लावलं आणि वर बजावलं, "तोंड बांधून राहायचं. आमचे साधू महाराजसाहेबही तोंडाला मुहपत्ती बांधतात, त्यात काही कमीपणा नाही." एवढ्यावरही त्यांचं समाधान झालं नाही. कापडावर मुंगी आपटली तरी तिला लागणारच. म्हणून त्यांनी नियम केला, की मशीनच्या पुढे पुढे पूंजणी फिरलीच पाहिजे, जिवांना बाजूला करायला.

"म्हणजे आधी झाडायचं आणि मग मशीन?" प्रेमचंदनं विचारलं.

"हो."

"मग मशीन कशाला, बाई?"

"तुझ्या बायकोला," बाई म्हणाल्या. "उगाच हुशारी करू नकोस, तिला आणायला जा."

अखाजीच्या दिवशी दाणाबाजारातल्या कडुलिंबांना झोके बांधलेले होते. माहेरवाशिणींच्या गाण्यात कुसुमलता टांग्यातून उतरली आणि जिना हळूहळू, प्रत्येक पायरीवर थांबत वर आली. सवय झाली होती. बाईंनी तिला पाणी दिलं आणि काही विचारायच्या आत मशीन दाखवायला नेलं, नवी नात दाखवावी तसं. गळण्याची हकिकत ऐकून कुसुमलता हसायला लागली, मग छातीवर हात ठेवून थबकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालची मिल सुरू झाली आणि वरही काम सुरू झालं. पुढे धनकुंवरबाई, वाकून पूंजणी फिरवत, मुंग्यांना बाजूला सारत, "चला बायांनो, वाट द्या," असं पुटपुटत. मागे कुसुमलता, पदर खोचून, तोंड बांधलेली नळी हातात घेऊन. बैठक झाली, देवघर झालं, आतली खोली झाली. मशीनच्या घरघराटात कुसुमलता काहीतरी गोष्ट सांगत होती, आणि बाईंना एक अक्षर कळत नसूनही त्या मान हलवत होत्या.

शेवटच्या गादीशी येऊन कुसुमलतानं बटण बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. ती दमून गादीवर बसली. गोष्टीतला विनोद आता आठवून तिला हसू फुटलं, ती पोट धरून, पूर्वीसारखी हसली. बाई पूंजणी हातात धरून तिच्याजवळ बसल्या, मान तिरकी करून, डोळे मिटून.

"बाई, काय ऐकताय?"

"काही नाही."

"मग डोळे का मिटलेत?"

"शिट्टी ऐकत होते तुझी," बाई म्हणाल्या. "वाजतच नाहीये."

त्यांनी सुनेच्या पाठीवर एकदा हात ठेवला, मग सुपली उचलली आणि केर सावलीत ठेवायला निघाल्या.