पुरुषभर माती

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि गोष्ट तिच्याच माहेरची आहे. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. बसवत नाही म्हणून सांगतोय. मघापासून दोनदा उठून दाराची कडी बघून आलो, ती लावलेलीच होती.

आधी माझं काम सांगतो — की टाळतोय? असेल. नदीने आणलेल्या गाळाचे थर एकावर एक बसत जातात. चिकणमातीच्या जाड थराखाली वाळू असली की तिच्यात पाणी कोंडून राहतं. भात रटरटायला लागला की गंजावरचं झाकण उचलतं ना, तसं ते पाणी वरच्या मातीला खालून रेटत असतं. माती जाड आहे तोवर ती हलत नाही. विहीर खणता खणता पातळ झाली, की तळ फुटतो. किती खणलं तर फुटेल, हे आधी सांगायचं. त्याचाच मी पगार घेतो.

सानगडीजवळच्या एका खेड्यात माझी सासुरवाडी. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्या उन्हाळ्यात विहीर खोल करायला घेतली होती. गावातले दोघे भाऊ कामावर — तुळशीराम खाली खणायचा, धाकटा शालिक वर गराडीच्या चाकावरून दोर ओढायचा. मामाजींनी गावभर सांगून ठेवलेलं, आमचे जवाई जमिनीतलं ओळखतात, ते येऊन सांगतील. आणि मी आलो. आंब्याच्या रसाचं जेवण, कूलरचा वारा, उशाला लोड. जावयाचे लाड तुम्हाला काय सांगायचे?

तलावाच्या पाळीपलीकडे एक जुनी नळी होती, त्याच वाळूत उतरवलेली. तिच्यात फीत सोडायची आणि पाणी किती वर चढलंय ते बघायचं. दाब तेवढ्याने कळतो. पण ऊन मी म्हणत होतं आणि रस अंगावर आला होता. आदल्या उन्हाळ्यातला आकडा डोक्यात होताच. म्हटलं, वर्षभरात असं काय बदलतं?

बदललं होतं. त्या वर्षी पहिल्यांदाच तलावात कालव्याचं पाणी आलं होतं. वैशाखातही तलाव भरलेला होता, आणि ती वाळू वर चढत जाऊन त्याच तलावाखाली उघडी पडते; तलाव भरला की तिच्यातला दाब वाढतो. येताना गाडीच्या काचेतून मी ते पाणी बघितलं होतं. छान वाटलं, असंही बायकोला म्हणालो होतो. मग मला कळलं नाही का? कळायला पाहिजे होतं. झोप लागली.

संध्याकाळी मामाजींनी विचारलं, नळी पाहून आले का? मी हो म्हणालो. एवढंच, एक हो. वर आणखी शहाणपणा केला — “अजून पुरुषभर खोदा, बिनधास्त.”

दुसऱ्या दिवशी तळ फुटला. आधी माती फुगली म्हणतात, मग वाळू आणि पाणी एकदम वर आलं. तुळशीराम कमरेपर्यंत रुतला. त्याने हाक मारली तेव्हा शालिक दोर सोडून डोक्याचा दुपट्टा नीट बांधत होता. क्षणभर, फार तर. मग ओढायला लागला, हाताची साल निघेस्तोवर ओढत राहिला. पण अशी वाळू माणसाला धरते ती सोडत नाही, आणि पाणी तुळशीरामच्या डोक्यावरून गेलं. शालिक दोर हातात धरूनच उभा असता तरी तो वाचला नसता. हे त्या गावात फक्त मला माहीत होतं.

लोकांनी मला विचारलं. मी म्हणालो, खालच्या पाण्याचा काही नेम नसतो. माझ्या तोंडून — नेम नसतो!

तरी हे अजून ते नाही. ते पुढे आहे. तेराव्यानंतर शालिक मला गाठून बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “भाऊजी, म्या दोर धरून ठेवला असता त वाचला असता ना थो?”

नाही, एवढंच म्हणायचं होतं. फार तर त्याने पुढे विचारलं असतं — मग काहून मेला? त्याचीच मला भीती वाटली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्याच बोलीत म्हणालो, “झालं ते झालं, शालिक. मी कोनाले सांगनार नाही.”

कळतंय ना मी काय केलं ते? तो हुंदके देऊन रडला. माझे पाय धरले त्याने.

मी कोणाला सांगितलं नाही, पण त्याने स्वतःच भावजयीला सांगून टाकलं. ती आजही त्याच्या हातचं पाणी घेत नाही. त्याने लग्न केलं नाही, राबून तिची पोरं मोठी केली. जेवायचं ताट मात्र त्याला ओसरीवर मिळतं. विहिरीवर तो जात नाही.

दर दिवाळीनंतर तो भंडाऱ्याला आमच्याकडे येतो, तलावातले शिंगाडे घेऊन. उकडून, सोलून आणतो, माझ्या बायकोच्या बोटांना काटे लागू नयेत म्हणून. या वर्षीही आला. बायको चहा ठेवायला आत गेली तशी हळूच म्हणाला, “तुमी माही इज्जत राखली, भाऊजी. भावानं नसती राखली.”

मी त्याला बस म्हणालो. चहा घेऊन तो शेवटच्या बसने परत गेला.

शिंगाडे गोड होते. मी सगळे खाल्ले.